दुसऱ्या मॉनिटरची ओळख का पटत नाही?

संगणकाच्या टेबलावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी मांडलेले दिसणे, ही आता नवलाई राहिलेली नाही. वर्तमानपत्राचे पान लावणारा एका पडद्यावर मजकूर ठेवतो आणि दुसऱ्यावर पान. हिशेबनीस एकीकडे बिले उघडतो, दुसरीकडे खतावणी. १९८७ सालच्या मॅकिंटॉश २ या संगणकाला एकाहून अधिक मॉनिटर जोडता येत असत; सामान्य घरगुती संगणकांच्या जगात ही सोय १९९८ मध्ये विंडोज ९८ बरोबर आली. तेव्हापासून ती इतकी अंगवळणी पडली आहे की, दुसरा मॉनिटर एखाद्या सकाळी काळाच राहिला, तर अर्धे टेबल कोणी उचलून नेल्यासारखे वाटते.

अशा वेळी बहुधा काय घडते? माणूस प्रथम संगणक बंद करून पुन्हा चालू करतो. नंतर तो सगळ्या तारा एकदम काढतो आणि एकदम लावतो. तेवढ्याने भागले नाही की दुकानाची वाट धरतो, आणि दुकानातून पुष्कळदा नवा मॉनिटर घेऊन परततो. तो जोडल्यावर तोही काळाच राहिला, म्हणजे मग खरी पंचाईत होते. कारण पैसे गेले, आणि दोष जिथल्या तिथेच राहिला. वस्तुतः हा दोष शोधण्यास फार मोठे यंत्रज्ञान लागत नाही. संगणक आणि मॉनिटर यांची ओळख कशी पटते, हे ठाऊक असले आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याचा संयम असला, की बहुतेक वेळा घरच्या घरी दोष सापडतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, बेळगावात एक अनुवादक आहेत. जमिनीचे कन्नड उतारे, खरेदीखते, न्यायालयाचे निकाल यांची मराठी भाषांतरे करून देणे, हा त्यांचा व्यवसाय. डाव्या मॉनिटरवर मूळ कन्नड कागद आणि उजव्या मॉनिटरवर मराठी मसुदा, अशी त्यांची मांडणी. गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा यांतील एक आकडा चुकला तरी पक्षकाराचे नुकसान व्हावयाचे. म्हणून दोन्ही कागद सतत डोळ्यांसमोर असावे लागतात. दिवाळीपूर्वी घराची साफसफाई झाली, टेबल हलविले गेले, मुलाने तारा काढल्या आणि पुन्हा लावल्या. संध्याकाळी संगणक चालू केला तो उजवा मॉनिटर उजळला. डाव्यावर ‘नो सिग्नल’ एवढी अक्षरे क्षणभर उमटली आणि तो काळा पडला. तिसऱ्या दिवशी भाषांतर वकिलांच्या हाती द्यावयाचे होते. दुकानात दूरध्वनी केला, तर उत्तर आले, “साहेब, मॉनिटरच गेलाय बघा. नवाच घ्या.” मॉनिटर खरोखरच गेला होता काय, हे ठरविण्यापूर्वी या यंत्रांमधला व्यवहार समजून घेणे इष्ट ठरेल.

मॉनिटर म्हणजे केवळ दिव्यासारखी वस्तू नव्हे. तार जोडताच त्याने उजळावे, असे होत नाही. संगणकाने चित्र पाठविण्यापूर्वी उभयतांत एक छोटीशी प्रश्नोत्तरे होतात. सध्या सर्वत्र रूढ असलेल्या एचडीएमआय या जोडणीचे उदाहरण पाहावे. तिच्या प्लगात १९ पिना असतात. त्यांपैकी अठराव्या पिनेवरून संगणक पाच व्होल्टचा अल्पसा विद्युत्दाब मॉनिटरकडे धाडतो. हा ‘कोणी आहे का?’ असा प्रश्न समजावा. मॉनिटर एकोणिसाव्या पिनेवरून ‘आहे’ असा संकेत परत देतो. तो मिळाला की संगणक आणखी दोन तारांवरून मॉनिटरच्या आतील एका लहानशा स्मृतिपेटीतील माहिती वाचून घेतो.

या माहितीला एडिड असे संक्षिप्त नाव आहे. व्हेसा या प्रमाणसंस्थेने १९९४ मध्ये तिचा साचा ठरवून दिला. मूळ माहिती अवघ्या १२८ बाइटांची. म्हणजे पोस्टकार्डावर मावेल एवढीही नव्हे. पण तीत निर्मात्याची तीन अक्षरी खूण, नमुन्याचा क्रमांक, निर्मितीचे वर्ष, पडद्याची लांबीरुंदी आणि मॉनिटर किती बारकाव्याचे चित्र दर सेकंदाला किती वेळा दाखवू शकतो, हे सारे असते. वाचताना चूक झाली तर ती उघडकीस यावी म्हणून शेवटच्या बाइटमध्ये पडताळ्याचा आकडाही ठेवलेला असतो. हे ओळखपत्र हाती आल्यावरच संगणक त्या मॉनिटरला मानवेल असे चित्र तयार करून पाठवितो.

ही व्यवस्था येण्यापूर्वी काय होते? आयबीएमने १९८७ मध्ये आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए ही पंधरा पिनांची जोडणी आणली. तिच्या आरंभीच्या स्वरूपात काही पिना जमिनीशी जोडलेल्या आहेत की मोकळ्या, एवढ्यावरून मॉनिटर रंगीत की कृष्णधवल, हे ओळखले जाई. यापलीकडची माहिती वापरणाऱ्यालाच संगणकास सांगावी लागे, आणि ती चुकीची सांगितली तर काही जुन्या काचनळीच्या मॉनिटरांना इजा होण्याचे भय असे. पुढे व्हीजीएतील त्याच मोकळ्या पिनांपैकी बारावी आणि पंधरावी या दोन पिनांवरून एडिड वाचण्याची सोय झाली. आजही जुना व्हीजीए मॉनिटर वापरणाऱ्याच्या प्लगातील या दोहोंपैकी एखादी पिन वाकली, तर चित्र दिसते. पण संगणक त्या मॉनिटरला नावाने ओळखत नाही आणि चित्र फुगट, धूसर येते. यावरून हे ध्यानात येईल की, चित्र वाहून नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि ओळख पटविणाऱ्या वेगळ्या. केबल बाहेरून धडधाकट दिसली, तरी तिच्यातील एखादी बारीक तार तुटलेली असू शकते.

तेव्हा ‘मॉनिटर ओळखला जात नाही’ याचा अर्थ एवढाच की, ही प्रश्नोत्तरे कोठे तरी खंडित झाली आहेत. खंड पडण्याच्या जागा मोजक्याच आहेत. मॉनिटरचा वीजपुरवठा, मॉनिटरने निवडलेली जोडणी, केबल आणि तिच्या टोकाचा एखादा जोडतुकडा, संगणकाच्या पाठीमागील पोर्ट, आणि शेवटी संगणकातील आज्ञाप्रणाली, अशी ही साखळी आहे. ती बाहेरून आत तपासत जावे. याचे कारण सरळ आहे: बाहेरचे तपासावयास पैसे पडत नाहीत आणि काही बिघडण्याचे भयही नसते.

प्रथम मॉनिटरचा दिवा पाहावा. तो मुळीच लागत नसेल, तर संगणकाचा विचार करण्याचे कारणच नाही. भिंतीवरील बटण, प्लग, मॉनिटरचा अडॅप्टर यांपैकी कशात तरी दोष आहे. दिवा लुकलुकत असेल किंवा नेहमीपेक्षा वेगळ्या रंगाचा असेल, तर मॉनिटर जिवंत आहे आणि संदेशाची वाट पाहत आहे, असे समजावे. त्यानंतर मॉनिटरच्या कडेवरील बटणे दाबून त्याची यादी उघडावी आणि ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ या नावाखाली कोणती जोडणी निवडलेली आहे, ते पाहावे. एकाच मॉनिटरला एचडीएमआय एक, एचडीएमआय दोन, डिस्प्लेपोर्ट आणि व्हीजीए अशा चार चार जोडण्या असतात. केबल एकीत आणि मॉनिटरचे लक्ष दुसरीकडे, असे झाले तर तो ‘नो सिग्नल’ म्हणणारच. पुष्कळ मॉनिटर योग्य जोडणी आपोआप शोधतात; पण सगळेच शोधत नाहीत, आणि जे शोधतात तेही कधी कधी पहिल्याच जोडणीपाशी थांबतात.

क्वचित् असेही घडते की, वीज जाऊन आल्यावर मॉनिटरचे अंतर्गत यंत्र मध्येच अडकून बसते. अशा वेळी संगणक आणि मॉनिटर दोन्ही बंद करून, मॉनिटरचा प्लग भिंतीतून काढून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि पुन्हा लावावा. केवळ मॉनिटरचे बटण बंद करून हे साधत नाही. कारण बटण बंद असतानाही आतील काही भागास वीज मिळतच असते.

आता केबल. ती दोन्ही टोकांनी काढून, पिना वाकल्या नाहीत ना हे उजेडात पाहून, पुन्हा नीट बसवावी. व्हीजीए आणि डीव्हीआय यांच्या प्लगांना दोन्ही बाजूंस मळसूत्रे असतात; ती आवळली नसतील तर प्लग हळूहळू निसटतो. डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच प्लगांना आकडे असतात आणि वर एक लहान कळ असते. ती न दाबता प्लग ओढला, तर पोर्टच उखडण्याची भीती. गोवा व कोकण यांसारख्या दमट, खाऱ्या हवेच्या प्रदेशात वर्षानुवर्षे न हलविलेल्या जोडण्यांच्या धातूवर गंज चढतो. तेथे नुसता प्लग काढून दोन-तीनदा घालण्यानेही पुष्कळदा काम होते. फार मळ असेल तर वीज पूर्णपणे तोडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि वाळल्यावरच जोडावे.

एवढे करूनही मॉनिटर काळाच राहिला, तर अदलाबदलीची कसोटी घ्यावी. या सर्व शोधात हीच कसोटी सर्वांत मोलाची. ज्याच्या घरी दोन मॉनिटर आहेत, त्याच्या घरी एक चालती साखळी अगोदरच हजर असते. चालत्या साखळीतील एकेक दुवा काढून त्या जागी संशयित दुवा घालावा. चालते ते चालतच राहिले, तर तो दुवा निर्दोष. एका वेळी दोन दुवे बदलले, तर मात्र कसोटीला अर्थ उरत नाही.

बेळगावच्या अनुवादकांनी हेच केले. उजव्या मॉनिटरच्या पाठीतून केबल काढून ती डाव्या मॉनिटरमध्ये घातली. डावा मॉनिटर तत्काळ उजळला. एवढ्या एका कृतीने ‘मॉनिटरच गेलाय’ हे दुकानातील निदान निकालात निघाले, आणि नव्या मॉनिटरचा खर्च वाचला. मग त्यांनी ती केबल मूळ जागी नेली आणि डाव्या मॉनिटरची केबल पुरती सोडवून ती उजव्या केबलच्या जागी, म्हणजे संगणकाच्या त्याच पोर्टात आणि उजव्या मॉनिटरच्या त्याच खोबणीत लावली. उजवा मॉनिटर पूर्ववत् चालला. म्हणजे केबलही निर्दोष. मॉनिटर चांगला, केबल चांगली; तेव्हा संशय घेण्यास एकच जागा उरली, आणि ती म्हणजे डाव्या मॉनिटरची केबल संगणकाच्या पाठीमागे ज्या पोर्टात घातली होती ते पोर्ट.

येथे संगणकाच्या पाठीकडे नीट पाहणे अवश्य आहे. उभ्या कॅबिनेटच्या मागच्या बाजूस पोर्टांचे दोन गट असू शकतात. वरच्या भागात, जेथे कीबोर्ड, माउस, ध्वनी आणि नेटवर्क यांच्या तारा जातात, तेथील पोर्ट मदरबोर्डचे. त्याखाली आडव्या पट्टीवर, केवळ मॉनिटरसाठी असलेली जी पोर्ट दिसतात, ती ग्राफिक्स कार्डाची. हे कार्ड प्रत्येक संगणकात असतेच असे नाही. परंतु जेथे ते बसविलेले असते, तेथे मदरबोर्डवरील मॉनिटरची पोर्ट बहुधा मुकी होतात. कार्ड आहे असे दिसताच मदरबोर्ड आपली स्वतःची चित्रव्यवस्था बंद करतो. शिवाय कित्येक प्रोसेसरांत चित्रव्यवस्था मुळातच नसते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकाशेवटी २०१९ पासून ‘एफ’ हे अक्षर येऊ लागले, ते असेच आहेत. अशा संगणकात मदरबोर्डवरील एचडीएमआय पोर्ट शोभेपुरते उरते. त्यात प्लग अगदी घट्ट बसतो. पण पलीकडून उत्तर देणारे कोणी नसते.

अनुवादकांच्या घरी नेमके हेच झाले होते. त्यांच्या कार्डावर एचडीएमआयचे पोर्ट एकच होते. बाकीची दोन डिस्प्लेपोर्टची. साफसफाईपूर्वी उजव्या मॉनिटरची केबल कार्डाच्या एचडीएमआयमध्ये असे, आणि डाव्याची केबल एका बोटभर लांबीच्या जोडतुकड्यातून कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमध्ये जात असे. साफसफाईत तो तुकडा निघून बाजूला पडला. मुलाने केबलचे टोक हाती घेतले, त्या आकाराची खोबण शोधली, ती मदरबोर्डवर सापडली, आणि त्याने केबल तेथे लावून टाकली. प्लग बसला म्हणजे जोडणी झाली, असे कोणालाही वाटावे. त्यात मुलाचा अपराध काही नाही. तो तुकडा शेवटी टेबलाच्या खणात, टाचण्यांच्या डबीशेजारी मिळाला.

मदरबोर्ड आणि कार्ड दोहोंची पोर्ट एकाच वेळी वापरावयाची असतील, तर काही संगणकांत तशी सोय असते. संगणक सुरू होताना बायोसच्या यादीत शिरून अंतर्गत चित्रव्यवस्था चालू ठेवण्याचा पर्याय निवडावा लागतो. अर्थात् प्रोसेसरमध्ये ती व्यवस्था असली तरच याचा उपयोग. सामान्यतः दोन्ही मॉनिटर कार्डालाच जोडणे, हा अधिक सुरक्षित मार्ग. मात्र कार्डावर जितकी पोर्ट तितके मॉनिटर एकदम चालतीलच, हेही गृहीत धरू नये. काही जुनी कार्डे तीन पोर्ट असूनही एका वेळी दोनच मॉनिटर सांभाळतात.

जोडतुकड्यांविषयी येथे थोडे अधिक सांगणे जरूर आहे, कारण या एका वस्तूने जितकी माणसे चकतात तितकी दुसऱ्या कशाने क्वचितच. डिस्प्लेपोर्ट ही जोडणी व्हेसाने २००६ मध्ये प्रसिद्ध केली. एचडीएमआयची पहिली नियमावली २००२ ची. दोहोंची संदेश पाठविण्याची रीत निराळी आहे. परंतु संगणकावरील बहुतेक डिस्प्लेपोर्ट दुभाषी असतात. समोर एचडीएमआयचा साधा जोडतुकडा लागला, तर ती एचडीएमआयच्या रीतीने बोलू लागतात. अशा पोर्टांवर डीपी या अक्षरांबरोबर पुष्कळदा दोन अधिकचिन्हे छापलेली आढळतात. म्हणून संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय असेल, तर स्वस्तातला तुकडाही चालतो.

याउलट संगणकाकडे एचडीएमआय आणि मॉनिटरकडे डिस्प्लेपोर्ट असेल, तर तोच तुकडा वा तीच केबल उलटी लावून काही होत नाही. एचडीएमआयला डिस्प्लेपोर्टची रीत अवगत नसते. तेथे खरेखुरे भाषांतर करणारा कन्व्हर्टर लागतो, आणि त्याला बहुधा यूएसबीमधून वेगळी वीज द्यावी लागते. दुकानात दोन्ही प्रकारच्या केबली एकसारख्याच दिसतात. म्हणून ‘एचडीएमआय-डिस्प्लेपोर्ट केबल द्या’ एवढेच न सांगता, संदेश कोणाकडून कोणाकडे जावयाचा आहे, हे स्पष्ट सांगावे. व्हीजीएच्या बाबतीतही तसेच. व्हीजीए चढउतार होणाऱ्या विद्युत्दाबाने चित्र पाठविते, एचडीएमआय अंकांनी. तेव्हा त्यांच्यामध्ये रूपांतर करणारे यंत्र असावेच लागते, आणि तेही एकाच दिशेने चालते. यूएसबी-सी या नव्या जोडणीविषयीही सावध असावे. त्या आकाराच्या प्रत्येक पोर्टातून चित्र बाहेर पडते असे नाही. पुष्कळशी पोर्ट केवळ माहितीच्या देवघेवीसाठीच असतात.

डिस्प्लेपोर्टच्या काही हलक्या केबलींत आणखी एक दोष आढळतो. या जोडणीची विसावी पिन जोडतुकड्यांना वीज पुरविण्यासाठी ठेवलेली आहे. साध्या केबलीत ती दोन टोकांमध्ये जोडलेली असू नये, असा नियम आहे. हा नियम मोडून केलेल्या केबलीमुळे मॉनिटरची वीज संगणकात शिरते आणि संगणक सुरूच न होणे यांसारखे चमत्कारिक प्रकार घडतात. तेव्हा केबल घेताना दहा-वीस रुपयांच्या फरकाकडे पाहू नये.

पोर्टापर्यंतचे सारे दुवे निर्दोष ठरले, तरच आज्ञाप्रणालीकडे वळावे. येथेही एक सोपी कसोटी आहे. चालता मॉनिटर सोडवून ठेवावा, केवळ संशयित मॉनिटर जोडावा आणि संगणक नव्याने सुरू करावा. विंडोज उघडण्यापूर्वी संगणकाच्या निर्मात्याचे चिन्ह किंवा बायोसची अक्षरे त्या मॉनिटरवर उमटली, तर वीज, केबल, पोर्ट, कार्ड ही सारी बहुधा ठीक आहेत, असे समजावे. कारण त्या क्षणी विंडोज अजून जागे झालेले नसते. पुढे विंडोज सुरू होताच पडदा काळा पडत असेल, तर दोष बहुधा आज्ञाप्रणालीत आहे.

विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, त्यात सिस्टम, त्यात डिस्प्ले, असे गेल्यावर ‘मल्टिपल डिस्प्लेज’ या शीर्षकाखाली ‘डिटेक्ट’ नावाचे बटण आहे. ते दाबल्यावर संगणक पुन्हा एकदा सर्व पोर्टांवर चौकशी करतो. व्हीजीएसारख्या जुन्या जोडण्यांत, जेथे मॉनिटर आल्याची वर्दी देणारी स्वतंत्र पिनच नसते, तेथे या बटणाचा विशेष उपयोग होतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या, तर पडदा क्षणभर मिटतो आणि चित्रव्यवस्था नव्याने सुरू होते. उघडलेले काम जात नाही. तरीही उपयोग झाला नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ खाली काय लिहिले आहे, ते पाहावे. तेथे कार्डाच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे शब्द असतील, तर कार्डाचा खरा ड्रायव्हर हरवला आहे आणि विंडोजने तात्पुरती सोय केली आहे, असा त्याचा अर्थ. या तात्पुरत्या सोयीत दुसरा मॉनिटर चालण्याची आशा नको. एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल, ज्याचे कार्ड असेल त्याच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर घेऊन बसवावा. नुकत्याच झालेल्या सुधारणेनंतर दोष उद्भवला असेल, तर त्याच ठिकाणी ‘रोल बॅक’ या बटणाने जुना ड्रायव्हर परत आणता येतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. मॉनिटर ओळखलाच न जाणे हा एक दोष, आणि ओळखला जाऊनही पडदा काळा राहणे हा दुसरा. सेटिंग्जमध्ये दोन चौकोन दिसत असतील, तर प्रश्नोत्तरे यथास्थित झाली आहेत. खोळंबा पुढे चित्राच्या वाहतुकीत आहे. फार बारीक आणि फार वेगवान चित्र मागितले, आणि केबल जुनी किंवा फार लांब असली, तर ती तो भार वाहू शकत नाही. चित्र लुकलुकते, मधूनच नाहीसे होते किंवा ‘आउट ऑफ रेंज’ असा इशारा येतो. तेथे चित्राचा बारकावा किंवा दर सेकंदाची आवर्तने कमी करून पाहावीत. चित्र स्थिरावले, तर केबल बदलावी, मॉनिटर नव्हे.

अनुवादकांनी खणातला तुकडा कार्डाच्या डिस्प्लेपोर्टमध्ये बसविला, त्यात केबल जोडली, आणि डावा मॉनिटर उजळला. पण त्यावर उजव्या मॉनिटरचेच चित्र हुबेहूब उमटले. यात दोष काही नव्हता. विंडोज आणि पी या दोन कळा एकत्र दाबल्या की चार पर्याय समोर येतात: केवळ पहिला पडदा, दोहोंवर एकच चित्र, दोहोंवर मिळून एक विस्तृत पडदा, आणि केवळ दुसरा पडदा. त्यांतील ‘एक्स्टेंड’ हा तिसरा पर्याय निवडावयाचा होता. कधी कधी यातील पहिला पर्याय नकळत निवडला गेल्यामुळेच दुसरा मॉनिटर काळा राहतो आणि सारे घर केबली तपासत बसते. म्हणून शोधाच्या आरंभीच या दोन कळा एकदा दाबून पाहणे श्रेयस्कर. मग डिस्प्ले सेटिंग्जमधील दोन चौकोन माउसने ओढून डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडे केला, आणि मांडणी पूर्ववत् झाली. उतारा डावीकडे उघडला, मसुदा उजवीकडे. भाषांतर ठरल्या दिवशी वकिलांच्या हाती पडले. खर्च काहीही आला नाही.

या सर्व खटाटोपातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु कृतीत आणण्यास सोपे असे दोनच धडे पुरेत. दोष सापडेपर्यंत काहीही विकत घेऊ नये. आणि तारा सोडविण्यापूर्वी संगणकाच्या पाठीचे छायाचित्र मोबाइलवर घेऊन ठेवावे. अनुवादकांनी आता त्याहून पुढे जाऊन प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांस कागदाची चिठ्ठी चिकटविली आहे. एकीवर ‘उजवा, कार्ड, एचडीएमआय’ असे लिहिले आहे. दुसरीवर ‘डावा, कार्ड, तुकड्यासह’. अक्षर मुलाचे आहे.